पाणकराचे पाय

बाबांच्या पाठीच्या कण्यातली गाठ नागपूरला काढली, त्या वर्षी मी वीस वर्षांची होते आणि पत्रकं लिहीत होते. साकोलीला मास्तरीण व्हायला शिकते आहे, असं घरी सांगितलेलं. तेही खरंच होतं, पण जीव संघटनेत होता. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. आम्ही पाचसहा जण सायकली काढून गावोगाव फिरायचो आणि सांगायचो की करणी, बाहेरची बाधा, देवीचा कोप हे सगळं थोतांड आहे, आजारी माणसाला दवाखान्यात न्या. पत्रकाचा मजकूर माझ्याकडे असायचा. मला तो जमायचा. संघटनेच्या प्रमुखांना सगळे भाऊ म्हणत. त्यांची शिकवण होती, 'वाक्य आखूड लिही, आणि पत्रकात शंका लिहू नकोस. शंका लोकांकडे भरपूर असते.'

मी ती शिकवण पाळली. काय झालं ते सांगते.

आमचं गाव दिघोरीपासून कोसभर आत. गावाला मोठा तलाव आणि तलावाच्या खाली साऱ्या गावाच्या धानाच्या बांध्या. बाबा गावाचे पाणकर. म्हणजे तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत कधी आणि किती सोडायचं, हे काम त्यांचं. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, आतल्या बाजूला दगडी पायऱ्या पाण्यात उतरत जातात. प्रत्येक पायरीला एक भोक आणि भोकात लाकडी खुंटा. आमच्याकडे याला तुडुम म्हणतात. पाणकर छातीभर पाण्यात उतरतो, पायाच्या बोटांनी खुंटा चाचपतो, टाचेनं ढिला करतो, आणि तळव्याला पाण्याची ओढ लागते त्यावरून किती पाणी चाललं ते ओळखतो. वर पाळीवर उभ्या असलेल्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. बाबा पाण्यात डोळे मिटून उभे राहायचे. कोणी घाई केली की म्हणायचे, "थांब ना गा, पाय ऐकून राहिले."

हे काम कोणाच्या बापाचं नसतं. दर वर्षी रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, आधी गाव पाळीवर बसतं आणि त्या सालचा पाणकर ठरवतं. बाबा सतरा वर्षं ठरत आले होते.

अठराव्या वर्षी त्यांच्या पायांनी खोटं सांगितलं. खुंटा अर्धा निघाला असं समजून त्यांनी पुरता काढला आणि चार बांध्यांतला नवा रोवणा वाहून गेला. लोक म्हणाले, पाणकर पिऊन आला. बाबांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. मग ते बांध्यांमधल्या धुऱ्यावरून चालताना झोकांड्या खाऊ लागले. पाठीपासून छातीपर्यंत कोणी पट्टा आवळल्यासारखं दुखे, खोकलं की कळ पायात उतरे. मी साकोलीला होते. गावातल्या जाणत्यानं, म्हणजे मांत्रिकानं, तलावातल्या देवीचं पाणी लागलं असं सांगितलं आणि पाठीवर तापलेल्या विळ्यानं तीन डाग दिले. सुटीत घरी आले तेव्हा ते डाग पाहून मी एवढी भांडले की माय म्हणाली, "डाग त्यायच्या पाठीवर हाये, वो. तू काहून भाजल्यासारखी करतं?"

मी भाऊंना गाठलं. भाऊंनी नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात ओळख काढली. खरं सांगायचं तर भाऊंनी धावपळ खूप केली. रक्ताची सोय त्यांनी केली, आमच्या जेवणाचे डबे त्यांनी पाठवले. नंतर मला त्यांचा जो संताप आला तो म्हणूनच जास्त आला.

बाबा तयार नव्हते. पाठ फाडली की माणूस खाटेवरून उठत नाही, असं त्यांना चार जणांनी सांगितलं होतं. शेवटी एका सकाळी ओसरीत बसल्या बसल्या त्यांनी मला विचारलं, "करतो ऑपरेशन. पण एक सांग, बाई. मिरुगापर्यंत मी पाण्यात उभा राहीन का? एकदा तुडुम दुसऱ्याच्या हाती गेला तं मंग आपल्याले भेटत नाही."

"राहाल," मी म्हटलं.

कोणाला विचारलं होतं मी? कोणालाच नाही. पत्रकातल्या वाक्यासारखं ते तोंडातून निघालं.

नागपूरला त्यांच्या पाठीत सुईनं औषध सोडलं आणि टेबलासकट त्यांना खाली डोकं वर पाय करून फोटो काढले. बाबा परत आले ते हसत. "चिचेच्या झाडाले वाघूळ टांगते ना, तसा टांगला मले." फोटोत गाठ दिसली. कण्याच्या आत, मज्जेला दाबून बसलेली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर वऱ्हांड्यात आले आणि त्यांनी हिंदीत विचारलं, "घर का पढ़ा-लिखा कौन है?"

मी तिथेच होते. मायच्या बाजूला उभी होते. भाऊ पुढे झाले आणि म्हणाले, "मैं हूँ."

मला राग आला नाही. उलट बरं वाटलं, की आपल्या बाजूनं इंग्रजी बोलणारं माणूस आहे. ते दोघं खिडकीपाशी पंधरा मिनिटं बोलत होते. डॉक्टर हातानं स्वतःच्या कमरेपासून खाली काहीतरी दाखवत होते. भाऊ मान हलवत होते. परत येऊन त्यांनी सांगितलं, "साधी गाठ आहे. काढली की झालं." मायनं हात जोडले. बाबांनी कागदावर सही केली. बाबांना सही येते, आणि ती ते फार सावकाश करतात.

ऑपरेशन चांगलं झालं. हे मला ठासून लिहायचं आहे, कारण पुढचं वाचून कोणी जाणत्याकडे परत जाऊ नये. छातीभोवतीचा पट्टा दुसऱ्याच दिवशी सुटला. महिनाभरात बाबा धरून उभे राहिले, मग काठी घेऊन चालले. गाठ तशीच राहिली असती तर ते कायमचे खाटेला खिळले असते. दवाखान्यानं आपलं काम केलं.

घरी निघताना कार्ड मिळालं. दोन्ही बाजूंनी इंग्रजीत लिहिलेलं. भाऊ म्हणाले, "हे माझ्याकडे राहू दे, पत्रकात छापायला पुरावा लागेल." मी दिलं.

दिघोरीला बस थांबली तेव्हा फोटोवाला उभा होता. भाऊंनीच बोलावलेला. बाबा उतरले, काठी टेकत दहा-बारा पावलं आले. फोटोवाला म्हणाला, काठी जरा बाजूला घ्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या हातातून काठी घेतली. ते उभे राहिले, दोन्ही हात अंगापासून थोडे सुटे ठेवून, आपण ओल्या धुऱ्यावर उभे राहतो तसे. फोटो निघाला.

पत्रक मी त्याच आठवड्यात लिहिलं. 'पाणकर आपल्या पायांनी घरी आला. काठीशिवाय. आता तो पुन्हा तलावात उतरेल.' तीन वाक्यं, तिन्ही आखूड. भाऊंनी एक शब्दही बदलला नाही. त्याचा मला अभिमान वाटला होता.

घरी काय चाललं होतं ते पत्रकात नव्हतं. बाबांना लघवीची जाणीव होत नव्हती. कधी तुंबायची, कधी बसल्या जागी धोतर ओलं व्हायचं आणि समोरच्याच्या नजरेवरून त्यांना ते कळायचं. दवाखान्यातून रबराच्या दोन नळ्या दिल्या होत्या. माय त्या गंजात, म्हणजे पातेल्यात, उकळून घ्यायची आणि दोघं मागच्या खोलीत दार लावून घ्यायची. बाबा कोणाच्या ओसरीवर बसेनासे झाले. जेवायला बोलावणं आलं की पोट बिघडलं म्हणून सांगायचे. सासरहून आत्या भेटायला आली, तिला दारातूनच बोलून वाटेला लावली. मी सुटीत आले की पाहायची आणि म्हणायची, थोडे दिवस लागतील, ताकद येईल. भाऊंनी तसंच सांगितलं होतं.

पौषात थंडी पडली. बाबांचे पाय हाताला गार लागायचे, म्हणून मायनं शेक द्यायचा ठरवला. आमच्याकडे दुखण्याला शेक हा पहिला उपाय. चुलीत विटा तापवायच्या, पोत्यात गुंडाळायच्या आणि त्यावर तळवे ठेवायचे. मी समोर बसून धान पाखडत होते. बाबा रंगात आले होते, दवाखान्यातल्या शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची नक्कल करत होते. तो म्हातारा नर्सला सूनबाई म्हणायचा आणि रोज चहा पांचट आहे म्हणून तिच्याशी भांडायचा. आम्ही दोघी हसत होतो. मायनंच आधी नाक वर केलं. "पोतं जळून राहिलं काय?" ती म्हणाली. पोतं जळत नव्हतं.

बाबा खाली वाकून पाहत होते, दुसऱ्या कोणाचे पाय पाहावेत तसे. "मले काहीच नाही समजलं," ते म्हणाले. दोनदा म्हणाले.

दिघोरीच्या कंपाउंडरनं तळव्यांवर मलम लावलं आणि आम्हालाच झापलं. "पाठीच्या ऑपरेशनवाल्याले शेक देते का कोणी? कागदावर लिवलं असन ना. कागद कुठं हाये?"

कागद भाऊंकडे होता.

मी भंडाऱ्याला गेले. संघटनेची खोली म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि पत्रकांचे गठ्ठे. भाऊ यायचे होते. फाइल मीच लावलेली, त्यामुळे कार्ड मिळायला वेळ लागला नाही. शब्दकोश घेऊन बसले. डॉक्टरांचं अक्षर वाईट नव्हतं. लिहिलं होतं की कमरेखालची जाणीव फार काळ दबलेली होती, ती परत येण्याची आशा कमी, आणि हे नातेवाइकांना ऑपरेशनच्या आधीच सांगितलं आहे. पाय रोज डोळ्यांनी तपासावेत. शेक देऊ नये. एकट्यानं पाण्यात उतरू नये. नळी कशी, किती वेळानं, सगळं. दर वर्षी दाखवायला आणावं. आणि शेवटी, घरच्या भाषेत समजावून सांगितलं असं लिहून भाऊंची सही.

नातेवाईक. घरची भाषा. मी ती सही बराच वेळ पाहत बसले.

भाऊ आले. मी कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं आणि तळव्यांचं सांगितलं. ते खाली बसले. त्यांचा चेहरा उतरला, ते खोटं नव्हतं.

"शेकाचं राहून गेलं," ते म्हणाले. "ते सांगायला पाहिजे होतं."

"आणि बाकीचं? ते पण राहून गेलं?"

"बाकीचं सांगितलं असतं तर बाबा ऑपरेशनला उभे राहिले असते? तूच सांग. गाठ वाढली असती, माणूस लोळागोळा झाला असता."

"ते त्यांना ठरवू द्यायचं होतं."

"आणि जाणता? त्यानं गावभर केलं असतं, पाठ फाडून पण पाय मुकेच. पुढचा रोगी कोण आणणार होतं? तू?"

"छापू नका असं तुम्ही म्हणाला असतात. आम्हाला सांगायला काय झालं होतं?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तू तसं पत्रक लिहिलं असतंस?" भाऊंनी विचारलं. मग हळूच म्हणाले, "लिहिलं नसतंस. मला माहीत आहे तू कशी आहेस."

म्हणजे मला वाचवलं नव्हतं, वापरलं होतं. माझा खरेपणा कामाचा होता म्हणून तो जपून ठेवला होता. गावोगाव आम्ही ओरडत होतो की जाणते लोकांना अंधारात ठेवतात. आणि आमच्या स्वतःच्या कपाटात माझ्या बापाचे पाय कुलपात होते. मी कार्ड उचललं आणि निघाले. भाऊ म्हणाले, "पुरावा आहे तो." मी थांबले नाही.

तळवे भरून यायला होळी उलटली. घरी मी कार्ड वाचून दाखवलं, एकेक ओळ. बाबा ऐकत राहिले. पाय परत येणार नाहीत या ओळीला त्यांनी फक्त विचारलं, "हे आधी मालूम होतं?" मी हो म्हटलं. "बरं," ते म्हणाले आणि गुरांना पाणी दाखवायला उठले. पाण्यात एकट्यानं उतरू नये, ही ओळही मी वाचली. ती त्यांनी दारातच ऐकली आणि बादली उचलली. मी परत साकोलीला गेले.

मिरुगाच्या तोंडावर गाव पाळीवर बसलं. मी मुद्दाम रजा काढून आले होते. बाबा धुतलेलं धोतर नेसून, काठी घेऊन आले आणि आपल्या नेहमीच्या जागी बसले. पाटलांनी बंडीच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. माझं पत्रक.

"यात तं लिवलं हाये काठीशिवाय," पाटील म्हणाले. "मंग काठी कायले आणली गा, पाणकर?"

"कुत्रे लय झाले ना गावात," बाबा म्हणाले. लोक हसले. "काठी पाळीवर राहते, पाटील. तुडुमाले काठी नाही लागत."

"म्हणजे उतरतं?"

"उतरतो."

पाटलांनी चौफेर पाहिलं. कोणी नाही म्हणालं नाही. बाबांच्या हातून सतरा वर्षं कोणाची बांधी सुकली नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काम होत आलं होतं. तेवढ्यात मागे बसलेला जाणता बोलला. त्याचा आवाज काही वाकडा नव्हता. "आमी डागलं तं तीन डाग दिसते. त्यायनं आतून काय काय नेलं ते काही दिसत नाही. पाय समजते का, पाणकर?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. "सांगतो," ते म्हणाले, आणि काठीवर जोर देऊन उठू लागले. त्यांना उठायला वेळ लागतो.

त्या वेळात मी उभी राहिले. मी म्हटलं, हे पत्रक मी लिहिलं आणि ते खोटं आहे. बाबांच्या पायांना गरम-गार कळत नाही. विटांनी तळवे भाजले तरी कळलं नाही. लघवीला नळी लावावी लागते. पाण्यात उतरू नका असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं आणि ते आमच्यापासून लपवलं गेलं. संघटनेनं फसवलं, मी फसवलं, आता कोणी फसवू नये. बोलताना माझा आवाज चढला होता. मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा मी खरं पत्रक लिहिते आहे.

माझ्याखेरीज बाई नव्हतीच तिथे, सगळे बाबांच्या बरोबरीचे पुरुष, आणि ते सगळे खाली पाहत होते. बाबा अर्धे उठलेले तसेच थांबले, मग परत बसले. थोड्या वेळानं पाटील म्हणाले, "मंग कसं करता? गावाचं पाणी हाये." तुडुम खालच्या आळीतल्या एकाला दिला. बाबांनीही हात वर केला. त्याच्याच नावाला.

घरी आल्यावर बोलली ती माय, चुलीजवळून, माझ्याकडे न पाहता.

"चैतापासून जाऊन राहिलो होतो आमी. उजाडलं का जायचो. मी वरतून दोर धरायची, हे पायऱ्यायवर बसून बसून खाली सरकायचे."

"कशाला?"

"हातानं," बाबा म्हणाले. त्यांनी दोन्ही तळहात माझ्यासमोर उलटे धरले. "खुंटा हातानं समजते. ओढ बी समजते. पायापेक्षा जरा उशिरा समजते, पण समजते."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगतच होतो. साऱ्यायच्या समोर सांगणार होतो, का पाय गेले पण हात हाये, अन् बायको दोर धरते. उठून राहिलो होतो ना मी. तू आधी उठली."

मी म्हटलं, डॉक्टरांनी एकट्यानं उतरू नका लिहिलं होतं, मला वाटलं...

"एकटा कुठं होतो? तुजी माय होती ना."

मायनं भाकरी वाढली. बाबांनी अर्धी खाल्ली आणि ताट सारून म्हणाले, "त्या भाऊनं नाही विचारलं, तं तो बाहेरचा माणूस. तूनं काहून नाही विचारलं?"

संघटना मी त्या पावसाळ्यात सोडली. ते पत्रक मात्र गठ्ठा संपेपर्यंत वाटलं गेलं. मला दुसरं काढायचं होतं, खरं, सगळं सांगणारं, भाऊंच्या सहीसकट. मजकूर तयार होता. बाबांनी ऐकूनही घेतला नाही. "माज्यावर आता काही छापू नको," एवढंच म्हणाले. हे लिहितानाही मी त्यांना विचारलं. गावाचं, माणसांचं नाव घालू नको, या अटीवर ते हो म्हणाले, आणि मी वाचून दाखवते म्हटलं तर नको म्हणाले.

आता मी शाळेत नोकरीला आहे. दर वर्षी त्यांना नागपूरला दाखवायला मीच नेते. कार्ड माझ्या पिशवीत असतं, इंग्रजीही मला आता बरं येतं. डॉक्टर बदलले. यंदाच्या तरुण डॉक्टरांनी तपासून झाल्यावर कार्ड उघडलं, पेन हातात घेतलं आणि सवयीनं माझ्याकडे वळले.

"मले सांगा," बाबा त्यांना म्हणाले. "मराठीत सांगा, हळू सांगा, मी समजतो. हिले बाहेर बसू द्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवी खुर्चीवर ठेवली, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. आत पंधराएक मिनिटं बोलणं चाललं होतं. बाबा मधेमधे काहीतरी विचारत होते. काय ते मला ऐकू आलं नाही.